कलकणूंतील आरएनए-संधान व वनस्पतींची वाढ
कोशिकेतील श्वसनाचे केंद्र असलेल्या कलकणूंमध्ये (तंतुकणिकांमध्ये, मायटोकाँड्रियांमध्ये) जनुकांवरून प्रथम जो कच्चा रिबोन्यूक्लिइक अम्लाचा (आरएनएचा) रेणू तयार होतो, त्यात प्रथिनाची माहिती सलग नसते. अर्थपूर्ण खंडांच्या मधे निरर्थक खंड आलेले असतात. हे मधले खंड छाटून अर्थपूर्ण खंड योग्य क्रमाने जोडण्याच्या प्रक्रियेस आरएनए-संधान म्हणतात. दोरखंडाची दोन टोके त्यांचे पदर एकमेकांत गुंफून सांधण्याच्या क्रियेस खलाशी वापरीत असलेली ‘स्प्लायसिंग’ ही संज्ञा इंग्रजीत या प्रक्रियेस दिली गेली. छाटल्या जाणाऱ्या खंडास इंट्रॉन व टिकून राहणाऱ्या खंडास एक्झॉन म्हणतात.

प्राण्यांच्या कलकणूंतील जनुके अगदी आटोपशीर असून त्यांत इंट्रॉन सहसा नसतात. सपुष्प वनस्पतींत मात्र ते वीसहून अधिक असतात व त्यांतील बहुतेक सर्व श्वसनसाखळीच्या पहिल्याच दुव्याशी निगडित जनुकांत आढळतात. त्यामुळे यांपैकी एखाद्या इंट्रॉनाची छाटणी अडली, तरी बी भरणे, रुजणे, रोपाची वाढ व परागनिर्मिती या सर्वांवर परिणाम होतो. हा संबंध १९८१ नंतरच्या सुमारे चार दशकांत क्रमाक्रमाने उघड झाला.

श्वसनसाखळी : कार्बोहायड्रेटांच्या ऑक्सिडीकरणातून मिळालेले इलेक्ट्रॉन एनएडीएच या वाहक संयुगाकडून कलकणूच्या आंतरपटलातील प्रथिन-संकुलांच्या मालिकेत जातात व अखेरीस ऑक्सिजनाला मिळतात. या प्रवासात मुक्त होणाऱ्या ऊर्जेवर पटलाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस प्रोटॉन ढकलले जातात व त्यांच्या परतीच्या ओघावर ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट (एटीपी) तयार होते [⟶ श्वसन, वनस्पतींचे]. एनएडीएचच्या एका रेणूमागे एकूण दहा प्रोटॉन ढकलले जातात व त्यांपैकी चार पहिल्या संकुलाच्या वाट्याचे असतात. सुमारे ५० प्रथिनांच्या या अवाढव्य संकुलातील बहुतेक प्रथिनांची जनुके कोशिकेच्या प्रकलात (केंद्रकात) असतात. परंतु नऊ प्रथिनांची जनुके सपुष्प वनस्पतींत सामान्यतः कलकणूतच राहिलेली आहेत. त्यांना नॅड जनुके म्हणतात.

वनस्पतींच्या श्वसनसाखळीत काही आडवाटाही असतात. प्रोटॉन न ढकलता एनएडीएचकडील इलेक्ट्रॉन घेणारी पर्यायी एंझाइमे तीत असून साखळीच्या शेवटच्या टप्प्यास वगळून इलेक्ट्रॉन थेट ऑक्सिजनाला देणारे पर्यायी ऑक्सिडेजही असते. सायनाइडाने न थांबणारे वनस्पतींचे श्वसन ल्वी झेनेव्ह्वा यांनी १९२९ मध्ये गोड वाटाण्याच्या रोपांत नोंदले होते. ते या ऑक्सिडेजाचे कार्य होय. सुरणाच्या कुळातील (ॲरेसीतील) काही वनस्पतींचा फुलोरा हाताला उबदार लागतो, तोही याच वाटेने ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर पडल्यामुळे. या आडवाटांचे महत्त्व पुढील इतिहासात वारंवार प्रत्ययास येते.

खंडित जनुकांचा शोध : जनुक हा सलग मजकूर असतो, ही समजूत १९७७ मध्ये मोडली. फिलिप शार्प व रिचर्ड रॉबर्ट्‌स यांच्या गटांनी अमेरिकेत स्वतंत्रपणे केलेल्या संशोधनात ॲडिनोव्हायरसाची जनुके खंडित असल्याचे दिसून आले. वॉल्टर गिल्बर्ट यांनी १९७८ मध्ये इंट्रॉन व एक्झॉन या संज्ञा सुचविल्या. शार्प व रॉबर्ट्‌स यांना या शोधाबद्दल १९९३ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. मध्यंतरी १९८२ मध्ये टॉमस चेक यांनी टेट्राहायमिना या एककोशिक जीवातील एक इंट्रॉन कोणत्याही प्रथिनाच्या मदतीवाचून स्वतःच स्वतःला छाटून घेतो, असे सिद्ध केले. आरएनएही एंझाइमाचे काम करू शकते, हे त्यामुळे मान्य करावे लागले व चेक यांना सिडनी ऑल्टमन यांच्यासमवेत १९८९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

वनस्पतींच्या कलकणूंतील पहिला इंट्रॉन तत्पूर्वीच सापडला होता. टी. डी. फॉक्स व सी. जे. लीव्हर यांनी १९८१ मध्ये मक्याच्या कलकणूतील कॉक्स-२ या जनुकाचा क्रम प्रसिद्ध केला. हे जनुक श्वसनसाखळीच्या अखेरच्या संकुलातील एका प्रथिनाचे असून त्याच्या मधे सुमारे ८०० क्षारक-जोड्यांचा इंट्रॉन आढळला. दोनच वर्षांनी ईनोथेरा या वनस्पतीतील त्याच जनुकात इंट्रॉन नसल्याचे आढळले. म्हणजे प्रथिनाच्या दृष्टीने हा खंड अनावश्यक होता. पण तो जेथे आहे तेथे त्याला छाटल्याशिवाय मात्र चालत नव्हते.

फॉक्स व लीव्हर यांच्या निबंधात आणखी एक कोडे होते. जेथे ट्रिप्टोफेन हे ॲमिनो अम्ल अपेक्षित होते, अशा काही ठिकाणी मक्यात आर्जिनिनाची संज्ञा आढळत होती. वनस्पतींच्या कलकणूंत आनुवंशिक लिपीचा अर्थच थोडा वेगळा असावा, असा तर्क त्यावरून करण्यात आला व तो काही वर्षे पाठ्यपुस्तकांतही टिकला. तो चुकीचा होता. फ्रान्स, कॅनडा व जर्मनी येथील तीन गटांनी १९८९ मध्ये स्वतंत्रपणे दाखविले, की आरएनए तयार झाल्यानंतर त्यातील ठराविक सायटोसिनांचे युरॅसिलात रूपांतर केले जाते व संज्ञा दुरुस्त होते. या प्रक्रियेस आरएनए-संपादन म्हणतात. संपादन एक्झॉनांपुरते मर्यादित नसून काही इंट्रॉनांतही होते, हे पुढे आढळले; इंट्रॉनाची घडी नीट बसण्यास ते उपयोगी पडते.

दुसऱ्या गटाचे इंट्रॉन : वनस्पतींच्या कलकणूंतील जवळजवळ सर्व इंट्रॉन दुसऱ्या गटातील होत. त्यांचा आरएनए एका केंद्राभोवती सहा विभागांत घडी घालतो. सहाव्या विभागातील एक ॲडिनोसीन पहिल्या सांध्यावर हल्ला करते, त्यामुळे इंट्रॉनाचे एक टोक फासासारखे वळून स्वतःलाच जोडले जाते. नंतर दुसरा सांधा तुटून दोन्ही एक्झॉन एकत्र येतात. यीस्टच्या कलकणूंतील असे इंट्रॉन प्रथिनांच्या मदतीवाचून स्वतःला छाटू शकतात, हे १९८६ मध्ये सिद्ध झाले. प्रकलातील जनुकांचे संधान याच दोन पायऱ्यांनी होत असल्यामुळे त्या यंत्रणेचे मूळ दुसऱ्या गटाच्या इंट्रॉनांत असावे, असे बहुतेक तज्ञ मानतात.

हे इंट्रॉन सूक्ष्मजंतूंतही असल्याचे १९९३ मध्ये आढळले. कलकणू हे मूळचे सूक्ष्मजंतूंचे वंशज असल्याने इंट्रॉनही त्यांच्याबरोबर वनस्पतींच्या पूर्वजांत आले असावेत. सूक्ष्मजंतूंतील असा इंट्रॉन बहुधा स्वतःच्या छाटणीस मदत करणारे एक प्रथिन (मॅच्युरेज) स्वतःच पुरवितो व त्याच्या साहाय्याने नव्या जागी शिरूही शकतो. सपुष्प वनस्पतींत हे स्वावलंबन उरलेले नाही. त्यांच्या इंट्रॉनांची घडी अनेक ठिकाणी बिघडली असून स्वतःचे मॅच्युरेज जनुक केवळ एकातच शिल्लक आहे. नॅड-१ च्या चौथ्या इंट्रॉनातील या जनुकाचे (मॅट-आरचे) वर्णन मक्यावरून १९९० मध्ये करण्यात आले. आगंतुकाने घर तर व्यापले, पण स्वतःचा भार उचलणे सोडून दिले, अशी ही स्थिती आहे. तो भार कोण उचलतो, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास आणखी दशकभर लागले.

विखुरलेली जनुके : दरम्यान १९९१ मध्ये याहून विलक्षण गोष्ट उघडकीस आली. कॅनडात लिंडा बोनेन यांच्या प्रयोगशाळेत गव्हाच्या व जर्मनीत आक्सेल ब्रेनिके यांच्या प्रयोगशाळेत ईनोथेराच्या नॅड-१ जनुकाचा शोध चालू होता. त्याचे पाच एक्झॉन एका जागी सापडेनात. ते कलकणूच्या डीएनएत दूरदूरच्या ठिकाणी विखुरलेले असून त्यांच्यावरून आरएनएचे वेगवेगळे तुकडे तयार होतात, असे आढळले. इंट्रॉनही मधोमध तुटलेला असतो. त्याचा एक अर्धा भाग एका तुकड्याच्या शेपटीस व दुसरा दुसऱ्या तुकड्याच्या अग्रभागी असतो. हे दोन अर्धे कोशिकेत एकमेकांस शोधून एकत्र घडी घालतात आणि मगच छाटणी होते. यास परसंधान म्हणता येईल. नॅड-५ या जनुकात तर केवळ २२ न्यूक्लिओटाइडांचा एक एक्झॉन स्वतंत्रपणे वसलेला असून त्याच्या दोन्ही बाजूंचे सांधे परसंधानानेच जुळतात. एवढा चिमुकला तुकडा आपल्या दोन्ही शेजाऱ्यांना अचूक भेटतो, यावर प्रथम विश्वास बसणे कठीण होते.

असे तुकडे मुळात कसे झाले, याचे उत्तर अपुष्प वनस्पतींनी दिले. ओ. मालेक व फोल्कर क्नोप यांनी १९९८ मध्ये दाखविले, की सपुष्प वनस्पतींत तुटलेले हे सर्व इंट्रॉन नेचे, नेच्यांचे नातलग व शृंगका यांच्यात कोठे ना कोठे अखंड स्वरूपात आढळतात. अर्थात जनुके पूर्वी सलग होती व कलकणूच्या डीएनएची उलथापालथ होताना ती इंट्रॉनाच्या जागी तुटली. सांधणारी यंत्रणा आधीच हजर असल्यामुळे तुटूनही काम भागले. मात्र यामुळे वनस्पतीचे त्या यंत्रणेवरील अवलंबन कायमचे झाले.

ॲराबिडॉप्सिस थॅलिॲना या मोहरीच्या कुळातील छोट्या वनस्पतीच्या कलकणूतील डीएनएचा संपूर्ण क्रम १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३,६६,९२४ क्षारक-जोड्या असून दुसऱ्या गटाचे २३ इंट्रॉन आहेत. पैकी पाच तुटलेले आहेत. या २३ पैकी १९ इंट्रॉन नॅड-१, २, ४, ५ व ७ या पाच जनुकांत, म्हणजे पहिल्या श्वसन-संकुलाच्या वाट्यास आलेले आहेत. उरलेले चार कॉक्स-२, सायटोक्रोम सी च्या घडणीस लागणारे एक जनुक व रिबोसोमाच्या प्रथिनांची दोन जनुके यांत विभागलेले आहेत. संधानातील दोषाचा पहिला घाव बहुतेक वेळा पहिल्या संकुलावरच का बसतो, ते या आकड्यांवरून ध्यानात येते.

रोगट रोपांची साक्ष : संधान व वाढ यांचा संबंध केवळ आरएनएच्या अभ्यासातून कळला नसता. तो काही खुरट्या वनस्पतींनी दाखवून दिला. मक्याची पाने फिकट पट्ट्यांची व वाढ खुंटलेली असे काही वाण केवळ मातेकडून वारसा घेत असल्याचे माहीत होते. अमेरिकेत कॅथलीन न्यूटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या कलकणूंचा पाठपुरावा केला. त्यांपैकी एका वाणात नॅड-४ व नॅड-७ यांच्या चुकीच्या जुळणीतून मिश्र जनुक बनलेले असून पहिल्या संकुलाचे कार्य घटले आहे, असे १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या पानांतील पट्टे म्हणजे सदोष व निर्दोष कलकणूंची वाटणी होय.

याहून अधिक उद्‌बोधक ठरली ती निकोटियाना सिल्व्हेस्ट्रिस ही तंबाखूच्या दोन पूर्वजांपैकी एक असलेली जाती. फ्रान्समध्ये ओर्से येथे रोझीन द पेप व सहकाऱ्यांनी तिच्या भित्तिहीन कोशिका (प्राकल) वाढवून त्यांपासून मिळविलेल्या रोपांत काही पुं-वंध्य रोपे होती. संकरित ज्वारीमुळे महाराष्ट्रातील शेतकऱ्यास परिचित झालेल्या पुं-वंध्यत्वाहून याचे कारण निराळे होते : या रोपांच्या कलकणूंतील डीएनएचा मोठा भाग गळाला होता व त्याबरोबर नॅड-७ चे प्रथिनही नाहीसे झाले होते. १९९७ मधील वर्णनानुसार ही रोपे रुजण्यापासून फुलण्यापर्यंत प्रत्येक टप्प्यावर मागे पडत. उजेड कमी असला तर त्यांचे अंशतः असलेले पुं-वंध्यत्व पूर्ण होई. त्यांचे कलकणू ग्लायसिनाचे ऑक्सिडीकरण नीट करू शकत नसत. प्रकाशात पानांतील कलकणूंना सर्वाधिक पुरवठा ग्लायसिनाचाच असल्यामुळे ही उणीव गंभीर होती. पण रोपे मेली नाहीत. पर्यायी एंझाइमे व पर्यायी ऑक्सिडेज यांचे कार्य त्यांत वाढलेले आढळले.

त्याच जातीतील दुसऱ्या एका पुं-वंध्य उत्परिवर्तनात (एनएमएस-१ मध्ये) कलकणूतील डीएनए शाबूत होते. दोष प्रकलातील जनुकात होता. २००० साली दिसून आले, की त्यात नॅड-४ च्या पहिल्या इंट्रॉनाची छाटणी होत नाही व पहिल्या संकुलातील अनेक प्रथिने अनुपस्थित आहेत. लक्षणे मात्र जनुकच गळालेल्या रोपांसारखीच. या प्रयोगाचे महत्त्व जितके सांगावे तितके थोडेच; कारण संधान न होणे हे जनुक नसण्याशी समान आहे आणि संधानाचा ताबा प्रकलाकडे आहे, या दोन्ही गोष्टी त्याने एकदमच पुढे आणल्या.

प्रकलाचे मदतनीस : हा ताबा चालविणारी प्रथिने पुढील काळात एकामागून एक ओळखली गेली. जी. मोर व ॲलन लँबोविट्‌झ यांनी २००३ मध्ये ॲराबिडॉप्सिसच्या प्रकलात चार मॅच्युरेज जनुके असल्याचे दाखविले. ती मूळची इंट्रॉनांतलीच, परंतु तेथून निघून प्रकलात स्थायिक झालेली आहेत. त्यांची प्रथिने आता कलकणूत परत पाठविली जातात व प्रत्येक प्रथिन एका नव्हे, तर अनेक इंट्रॉनांना मदत करते, असे इझ्राएलमधील ओरेन ओस्टरसेट्‌झर-बिरान यांच्या गटाने दाखविले.

दुसरा मोठा वर्ग पस्तीस-पस्तीस ॲमिनो अम्लांच्या पुनरावर्तनांनी बनलेल्या प्रथिनांचा होय. त्यांना संक्षेपाने पीपीआर प्रथिने म्हणतात. मानवात ती दहाहून कमी आहेत, तर ॲराबिडॉप्सिसमध्ये २००४ च्या गणनेनुसार ४४१ आहेत. यांतील प्रत्येक पुनरावर्तन आरएनएतील एकेक क्षारक ओळखते व या ओळखीचे नियम २०१२ मध्ये उलगडले. इयन स्मॉल व क्लेअर ल्यूरँ यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ओटीपी-४३ या पीपीआर प्रथिनाचे वर्णन केले. ते नसल्यास नॅड-१ चा तुटलेला पहिला इंट्रॉन जुळत नाही, पहिले संकुल बनत नाही, बी सुरकुतलेले राहते, रुजण्यास फार उशीर होतो व रोप खुरटते. एका इंट्रॉनाच्या छाटणीपासून एका बीच्या आकारापर्यंतची साखळी येथे दुव्यागणिक दाखविता आली.

त्याच इंट्रॉनास प्रकलातील दोन मॅच्युरेजेही लागतात, असे २०१२ व २०१४ मध्ये स्पष्ट झाले. मक्यात डेक-२ हे निराळे पीपीआर प्रथिनही त्याच इंट्रॉनासाठी आवश्यक असल्याचे २०१७ मध्ये आढळले. एका निरर्थक खंडाच्या छाटणीसाठी इतके कारभारी लागावेत, ही व्यवस्था कोणी आखली असती तर तिला उधळेपणाचेच नाव मिळाले असते. उत्क्रांतीत मात्र अशा व्यवस्था आखल्या जात नाहीत, साचत जातात.

मक्याचे दाणे : मक्याच्या कणसावर शेकडो दाणे एकत्र असल्याने त्यातील बारीक, पोकळ वा फिकट दाणे नजरेत भरतात. एम. जी. न्यूफर व डब्ल्यू. एफ. शेरिडन यांनी १९८० मध्ये रसायनाने संस्कारित परागांपासून सदोष दाण्यांच्या उत्परिवर्तनांचा मोठा संग्रह केला होता. त्या काळी त्यांची कारणे कळण्याचा मार्ग नव्हता. २०१० नंतर चीनमधील प्रयोगशाळांनी अशा उत्परिवर्तनांतील जनुके शोधली, तेव्हा त्यांतील अनेक कलकणूंतील संधानाची निघाली. उदा., एम्प-१६ मधील दोषाने नॅड-२ चा चौथा इंट्रॉन व डेक-३५ मधील दोषाने नॅड-४ चा पहिला इंट्रॉन छाटला जात नाही. अशा दाण्यांत भ्रूणाची वाढ लवकर थांबते व पुष्क (भ्रूणपोष) भरत नाही. ॲराबिडॉप्सिसमध्ये अशा दोषांतून रोप कसेबसे तरी वाचते, मक्यात मात्र दाणाच जगत नाही. अल्प काळात मोठ्या प्रमाणावर स्टार्च साठविणाऱ्या पुष्काची ऊर्जेची गरज मोठी असते, हे त्याचे एक संभाव्य कारण होय.

वाढ का खुंटते : एटीपीचा तुटवडा हे उत्तर सरळ वाटते, पण पुरेसे नाही. पहिले संकुल वगळून पर्यायी एंझाइमामार्फत इलेक्ट्रॉन गेले, तर दहाऐवजी सहा प्रोटॉन ढकलले जातात. शेवटी पर्यायी ऑक्सिडेजही वापरले गेले, तर एकही नाही. साखर जळते, उष्णता होते, हाती काही लागत नाही. असे असूनही काही सदोष पानांतील एटीपीचे प्रमाण घटलेले आढळत नाही. एनएडीएच व त्याचे ऑक्सिडीकृत रूप यांचा तोल बिघडणे, ग्लायसिनाचा निचरा मंदावणे व त्यायोगे प्रकाशसंश्लेषणास अटकाव होणे, ही कारणेही तितकीच महत्त्वाची दिसतात. शिवाय परिणाम सर्वस्वी हानिकारकच असतो असे नाही. उपरोक्त नॅड-७ रहित निकोटियानाची रोपे ओझोन व तंबाखूचा केवडा विषाणू यांना अधिक प्रतिकार करतात, असे २००३ मध्ये आढळले. बिघडलेल्या श्वसनामुळे कोशिकेची ऑक्सिडीकरणाविरुद्धची संरक्षक यंत्रणा आधीच सज्ज झालेली असते. यावरून संधानात मुद्दाम थोडा अडथळा आणून पिके काटक करता येतील, अशी आशा काहींनी व्यक्त केली आहे. खुरटे रोप व रिकामा दाणा ही त्याची किंमत लक्षात घेता ती सावधपणेच घेतली पाहिजे.

या संकुलाच्या अणुपातळीवरील रचनेचे चित्र वनस्पतींच्या बाबतीत प्रथम २०२० मध्ये मिळाले व त्यासाठी निवडलेली सामग्री होती अंधारात वाढविलेले मुगाचे कोंब. त्यांतील कलकणूंतून अर्धवट जुळणी झालेल्या संकुलाची रचना शीत-इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाने निश्चित करण्यात आली. एखादे नॅड प्रथिन न मिळाल्यास जुळणी कोणत्या पायरीवर अडते, हे अशा चित्रांवरून पडताळता येते.

अपवाद : या सर्व प्रकरणातील सर्वांत अनपेक्षित वनस्पती म्हणजे बांडगूळ. व्हिस्कम वंशातील एका जातीच्या कलकणूतील डीएनए केवळ सुमारे ६६ हजार क्षारक-जोड्यांचे असून त्यात नॅड जनुकांपैकी एकही नाही, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ती जनुके प्रकलात गेली असावीत, अशी शंका प्रथम घेण्यात आली. परंतु २०१८ मध्ये जर्मनी व इंग्लंड येथील दोन गटांनी यूरोपीय बांडगुळाचे (व्हिस्कम आल्बमचे) कलकणू तपासले, तेव्हा त्यांत पहिले श्वसन-संकुल मुळी आढळलेच नाही. त्या काळापर्यंत बहुकोशिक जीवांत असे उदाहरण ज्ञात नव्हते. आश्रयी वृक्षाकडून पाणी, लवणे व काही प्रमाणात सेंद्रिय अन्न आयते मिळत असल्याने आणि मुळातच वाढ अत्यंत सावकाश असल्याने आडवाटांवरील श्वसन या वनस्पतीस पुरते. पहिल्या संकुलाच्या जनुकांबरोबर त्यांतील इंट्रॉनही तिच्यातून नाहीसे झाले आहेत [⟶ बांडगूळ].